पुण्यातले डोळे, दिंडोरीची चावी

नाशिक जिल्ह्यात तीन दिवस राहून, त्यातले दोन द्राक्षाच्या बागेत काढून, एकही द्राक्ष न खाता परत आलेली बाई कुणाला बघायची असेल तर ती मी. निघताना शेजारणीनं "येताना आण हं" म्हणून एक कापडी पिशवी हातात दिली होती. ती मी तशीच घडी घालून परत केली, तेव्हापासून ती माझ्याशी जरा तुटक बोलायला लागली. पण माझा काय दोष? नोव्हेंबरच्या शेवटी द्राक्ष वाटाण्याएवढं असतं, आणि चवीला असं की चिंच परवडली. मी एक तोंडात टाकलं आणि लगेच थुंकलं. त्याला खाणं म्हणत नाहीत.

पुणे-नाशिक रस्त्याबद्दल मी अक्षरही लिहिणार नाही. ज्यांनी तो प्रवास केलाय त्यांना सगळं माहीत आहे, आणि ज्यांनी केला नाही त्यांना कशाला घाबरवा.

निघण्याआधी

मी मूळची कोल्हापूरची, नोकरीपायी तीस वर्षं पुण्यात. एका प्रयोगशाळेत पेशी वाढवायचं काम करते. डोकं सर चालवतात, शोधनिबंध पोरं लिहितात आणि पेशींना वेळच्या वेळी खायला मी घालते. पेशींना रविवार कळत नाही, लक्ष्मीपूजन कळत नाही. सख्ख्या भाचीच्या लग्नात अक्षता पडल्या आणि मी पंगत सोडून रिक्षा पकडली, कारण पेशींच्या ताटल्यांतला पोषक रस बदलायची वेळ झाली होती. माहेरी अजून तो विषय निघतो.

आमच्याकडच्या काही पेशींचे मूळ मालक म्हणजे भास्करराव, दिंडोरीजवळच्या एका गावातले द्राक्ष बागायतदार. वय साठीच्या आसपास. घरचे आणि गावचे त्यांना भाऊ म्हणतात. त्यांच्या डोळ्यांचा आतला पडदा कडेकडेनं झिजत चालला आहे. हे दुखणं घराण्यातून येतं. आधी अंधारातलं दिसेनासं होतं, मग बाजूचं जातं, आणि पुंगळीतून बघावं तसं नुसतं समोरचं उरतं. तीन वर्षांपूर्वी नाशिकच्या एका शिबिरात त्यांनी आमच्या कामासाठी रक्त दिलं. त्यातल्या पेशींना आम्ही उलट्या पावलांनी मागं नेलं, काहीच ठरलेलं नसतं त्या वयापर्यंत. पेशी अशी झाली की तिला मूळपेशी म्हणायचं. तिचं काळीज होईल, कातडी होईल, नाहीतर डोळ्याचा पडदा होईल. आम्ही तिला पडद्याच्या वाटेला लावतो. सहा-आठ महिने जीव काढल्यावर मोहरीएवढा फिकट गोळा हाती लागतो आणि त्यात उजेड टिपणाऱ्या पेशी असतात. संपला आमचा पराक्रम.

आता माझं पाप. दोन वर्षांपूर्वी भाऊंचा सहज खुशालीचा फोन आला. त्याच सकाळी त्यांच्या पेशींचे पहिले गोळे नीट उतरले होते आणि मी हवेत होते. माझ्या तोंडाला झाकण तसंही कधी नव्हतं. मी बोलून गेले, "भाऊ, काळजी सोडा. तुमचे डोळे इथं पुण्यात मस्त वाढायला लागलेत." फोन ठेवला आणि विसरूनही गेले. सरांना अर्थातच हे सांगितलं नाही.

नोव्हेंबरात सरांनी मला बोलावलं. नवा प्रयोग ठरला होता: मूळपेशीला पडद्याची पेशी व्हायला मायक्रोआरएनए कशी मदत करतात हे भाऊंच्या पेशींवर बघायचं. त्यासाठी भाऊंची नव्यानं संमती हवी, फॉर्मवर सही हवी. सही नाही मिळाली तर नियमाप्रमाणे सगळ्या ताटल्या टाकून द्यायच्या. तीन वर्षं मी ज्यांना भरवलं त्या. "तुमची त्यांच्याशी ओळख आहे, तुम्हीच जाऊन या," सर म्हणाले.

आणि त्याच दुपारी भाऊंच्या सुनेचा, सुवर्णाचा फोन. तिचं म्हणणं एवढंच, की भाऊ अख्ख्या गावाला सांगत सुटलेत, डोळे पुण्याहून येणार आहेत. तेवढ्या जोरावर ते अजून फवारणीचा ट्रॅक्टर चालवतात, सोडा म्हटलं तर ऐकत नाहीत. "ताई, एखाद्या दिवशी कुणीतरी चाकाखाली येईल. तुम्ही सांगितलेलं त्यांना पटतं. तुम्हीच येऊन खरं काय ते सांगा."

म्हणजे खरं सांगावं तर भाऊ चिडून सही देणार नाहीत आणि माझ्या ताटल्या जाणार. खोटं तसंच चालू द्यावं तर ट्रॅक्टर चालूच राहणार. एका पिशवीत फॉर्म आणि पोटात ही भानगड घेऊन मी निघाले.

मायक्रोआरएनए म्हणजे काय ते सर मला दहा वर्षं समजावतायत आणि दहा वर्षं मी मान डोलावतेय. मला ते खरोखर कळलं दिंडोरीत, दुसऱ्या दिवशी सकाळी, बागेत मजुरीला आलेल्या काशीबाईंकडून.

पहिला दिवस : नाशिक ते दिंडोरी

नाशिकला उतरल्यावर पहिलं काम मिसळ. कोल्हापूरच्या माणसानं परगावी मिसळ खाऊ नये, वाद होतात. पण भूक होती. समोर ताट आलं त्यात पापड. वर दह्याची वाटी. आमच्याकडं मिसळीबरोबर कुणी दही मागितलं तर त्याला बरं नाही का असं विचारतात. मी पोऱ्याला नाही, मालकालाच बोलावून विचारलं, हे कशाला? तो शांतपणे म्हणाला, "लागलं तर घ्या, नाय लागलं तर राहू द्या." पहिल्या तीन घासांत मी दही बाजूला ठेवलं होतं. काळ्या मसाल्याचा तो रस्सा आधी गप्प बसतो आणि मागून कानात शिरतो. चौथ्या घासाला दही संपलं. दुसरी वाटीही मागितली. हे माहेरी कळू नये.

दिंडोरीच्या स्टँडवर सुवर्णा स्कुटी घेऊन उभी होती. तिशीची, सडसडीत, ओढणी कानामागं घट्ट बांधलेली. तिचा नवरा नाशिकला, अंबडच्या कारखान्यात पाळीवर, सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला देवळ्याला, म्हणजे बाग सुवर्णा आणि भाऊ या दोघांच्याच अंगावर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मांडव आणि मधे मधे वायनरीच्या देखण्या पाट्या. एका पाटीकडं मी जरा जास्त वेळ बघितलं असावं, कारण सुवर्णा आरशातून म्हणाली, "ताई, आधी फॉर्म."

वाटेत तिनं चावीची कथा सांगितली. तिनं ट्रॅक्टरची चावी खिळ्यावरून काढून पिठाच्या डब्यात लपवली होती. तरी एक दिवसाआड ट्रॅक्टर सुरू झालेला ऐकू यायचाच. म्हणजे भाऊंकडं दुसरी चावी आहे. तिनं उशी बघितली, टोपी झटकली, देवघर धुंडाळलं. चावी सापडेना. ट्रॅक्टर तिला स्वतःलाही उत्तम येतो. पण भाऊ तिला नांगराला बसू देतात, फवारणीला नाही. फवारणी म्हणजे बागेचा जीव, ती मालकानंच करायची, असा त्यांचा कायदा.

भाऊ फाटकात उभे होते. उंच, ताठ, पांढरी टोपी. थेट माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, "मॅडम, वाळलात." या माणसाला दिसत नाही असं कुणी म्हटलं तर मीच भांडले असते. मग ते वळले आणि पायाजवळची पाण्याची बादली लाथेनं उडवली. सुवर्णानं ती उचलली. तिला सवय होती.

चहा होईपर्यंत ते मला बागेत घेऊन गेले, आणि तिथं मला त्यांचं गुपित कळलं. द्राक्षाची ओळ म्हणजे दोन्हीकडं हिरवी भिंत आणि मधे सरळ वाट. बाजूला बघायचं काही नसतंच. भाऊंना जेवढं दिसतं, तेवढंच तिथं दिसण्यासारखं असतं. त्या वाटेनं ते असे चालले की मीच मागं पडले. एका पानाची पाठ उलटून म्हणाले, "हवा ढगाळ झाली की हितं डावणी बसते. पांढरी बुरशी. एक दिवस उशीर झाला का वर्ष गेलं." बोट नेमकं पानावर होतं. ओळ संपली, मोकळ्या जागेत आलो, आणि तिथला टोकाचा खांब वाकलेला दिसला. विचारलं तर म्हणाले, वाऱ्यानं. लोखंडी खांब होता.

चहाला शेजारचे दोघे येऊन बसले. भाऊंनी माझी ओळख करून दिली, या मॅडम पुण्यात माझे डोळे सांभाळतात. दोघांनी आदरानं हात जोडले. मग भाऊंनी विचारलं, बुबुळाचा रंग होता तोच ठेवलाय ना? माझ्या तोंडात चिवड्याचा बकाणा होता, म्हणून मी नुसतं हूं केलं. त्या हूंची मला अजून लाज वाटते. सुवर्णानं कपबशा जरा आपटूनच उचलल्या.

दुसरा दिवस, सकाळ : बागेत

सकाळी आभाळ भरून आलेलं. मी ठरवलं, दुपारी जेवणानंतर भाऊंशी बोलायचं. तोवर वेळ काढायला बागेत गेले. सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या बायकांची टोळी विरळणीला आली होती. दर हंगामात त्या इकडं उतरतात, बागेतच खोप करून राहतात आणि काम संपलं की आपल्या भातशेतीकडं परत जातात. टोळीच्या मुकादम काशीबाई. पन्नाशीच्या, चणीनं लहान, हातात चिमुकली कात्री. विरळणी, इथल्या बायकांच्या तोंडी थिनिंग, म्हणजे घडातले जादा मणी कातरून काढायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते.

मी म्हटलं, मलाही द्या कात्री, मी रोज याहून नाजूक काम करते. काशीबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि कात्री दिली. दहा मिनिटांनी माझ्या घडाला वीसएक मणी उरले होते. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. काशीबाई हसल्या नाहीत. त्यांनी एक चिंधी काढून त्या घडाला बांधली आणि जाहीर केलं की हा मॅडमचा घड, याला कुणी हात लावायचा नाही, भाऊंना दाखवायचा.

मग त्यांनी शिकवलं. मी विचारत होते की चांगला मणी कसा ओळखायचा. त्या म्हणाल्या, चांगला शोधायचाच नाय. नको तो शोधायचा: आत वळलेला, दुसऱ्याच्या अंगावर बसलेला, बारका राहिलेला. "आपण काय त्याला मोठा करत नाय, बाई. नको ते काढलं का राहील तो आपसूक मोठा होतो." आणि हे लवकर केलं तर कुठला टिकणार ते कळत नाही, उशिरा केलं तर मणी एकमेकांत रुतलेले असतात, कात्री शेजारच्यालाच टोचते. दिवस साधावा लागतो.

माझी कात्री हातातच राहिली. सर दहा वर्षं हेच सांगत होते! पेशीच्या आत हुकमांच्या चिठ्ठ्या फिरत असतात, हे बनव, ते बनव. मायक्रोआरएनए म्हणजे जेमतेम बावीस अक्षरांचा तुकडा. तो स्वतः काहीच बनवत नाही. नको त्या चिठ्ठीला जाऊन चिकटतो आणि ती चिठ्ठी गप्प होते. मूळपेशीच राहा असं सांगणाऱ्या चिठ्ठ्या गप्प झाल्या, भलतीकडं नेणाऱ्या गप्प झाल्या, की उरलेला हुकूम ऐकू येतो: पडदा हो. त्यांना धड नावंसुद्धा नसतात, बहुतेकांना नुसते नंबर. नऊ नंबर, एकशे चोवीस, एकशे त्र्याऐंशी. एक जण पेशीला लहानपण सोडायला लावतो, दुसरा उजेड टिपणारी पेशी पक्की व्हायला मदत करतो. आणि आमचा सगळा प्रयोग कशासाठी, तर कुठला नंबर कुठल्या दिवशी घालायचा यासाठी. दिवस चुकला की माझ्या घडासारखी गत.

हे मी काशीबाईंना जमेल तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हणजे तुमच्याकडंपण थिनिंगच चालतं. आणि पुढच्या वेलीकडं गेल्या. सरांना हे ऐकवायचं मी तिथंच ठरवलं.

दुसरा दिवस, दुपार : तीच ओळ

साडेअकराच्या सुमाराला बाकीच्या बायका खोपीकडं जेवायला गेल्या आणि काशीबाई तिथंच भाकरी खायला वेलीच्या बुंध्याशी टेकल्या. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकर आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी. मला अर्धी दिली. आमच्याकडं ज्वारीच्या भाकरीचा केवढा तोरा; पण ही काळी भाकर खाऊन मी पुढचं तासभर ज्वारीचं नाव काढलं नाही. खाऊन उठले, दोन वेलींच्या मधल्या फटीत उभी राहून हात पुसत होते. माझी फॉर्मची पिशवी आणि काशीबाईंचं उरलेल्या भाकरीचं फडकं वाटेत पडलेलं.

ट्रॅक्टरचा आवाज आला तेव्हा मला वाटलं, पलीकडच्या बागेत असेल. काशीबाईंना तसं वाटलं नाही. त्यांनी बसल्या जागेवरून माझ्या कोपराला असा हिसका दिला की मी वेलीच्या पलीकडं आडवी झाले. पांढऱ्या फवाऱ्याचा ढग घेऊन ट्रॅक्टर ओळीत शिरला होता. वर भाऊ, तोंडाला फडकं, नजर नाकासमोर. टोळी लांबच्या तुकड्यात आहे अशी त्यांची समजूत होती. गाडी दोन्ही वेलींपासून अगदी सारख्या अंतरावर, एक बोट इकडं नाही, एक बोट तिकडं नाही. माझ्या पिशवीवरून चाक गेलं. भाकरीच्या फडक्यावरून गेलं. काशीबाईंचा पाय अजून वाटेतच होता आणि चाक त्याच्या शेजारून गेलं. आम्ही ओरडलो. फवाऱ्याच्या पंख्याच्या आवाजात आमचं ओरडणं आम्हालाच ऐकू आलं नाही.

भाऊ थांबले नाहीत. त्यांना काही कळलंच नव्हतं. ओळीच्या टोकापर्यंत ते सरळ, सुरेख गेले. माझ्या आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नव्हते, आणि त्याहून जास्त मला स्वतःचा राग आला. त्या चाकाला हवा मी भरली होती, दोन वर्षांपूर्वी, फोनवर.

सुवर्णा धावत आली. आम्हाला विहिरीवर नेऊन साबणानं तोंड, हात, केस धुवायला लावले. ट्रॅक्टर तिनंच बंद करवला. भाऊ म्हणत होते, हवा बघ की, आज नाय मारलं तर डावणी बसंल.

जेवायला कुणी बसलंच नाही. ओट्यावर भाऊ, समोर मी, खांबाला टेकून सुवर्णा, आणि पायरीवर काशीबाई. मी पिशवीतून फॉर्म काढला. त्यावर चाकाचा ठसा तिरका उमटला होता आणि औषधाचा पांढरा शिडकावा. तो ओट्यावर ठेवला आणि बोलायला सुरुवात केली.

"भाऊ, पुण्यात तुमचे डोळे वाढत नाहीत. मी तेव्हा आनंदाच्या भरात भलतंच बोलले. चूक माझी आहे."

भाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मग तिथं काय वाढतंय?"

मी सगळं सांगितलं. मोहरीएवढे गोळे, पडद्याचे तुकडे. विरळणीचा दाखला दिला, तो त्यांना लगेच कळला. उलट काशीबाईंकडं तोंड करून म्हणाले, हिला न्या मग पुण्याला. नको ते हुकूम गप्प करायचे, दिवस साधायचा, एवढंच आम्ही अजून शिकतोय, असं मी सांगितलं. ते गोळे कधी कुणाच्या डोळ्यात बसवता येतील का, मला माहीत नाही. तुमच्या डोळ्यांसाठी काही होईल असं तर मी अजिबात म्हणणार नाही. आणि शेवटी हेही सांगितलं की फॉर्मवर सही नसेल तर आम्ही ते गोळे टाकून देऊ, आणि तुम्ही आत्ता नाही म्हणालात तरी मला राग येणार नाही. हे शेवटचं खरं नव्हतं. मला रडू आलं असतं.

भाऊंनी बराच वेळ मांडीवरची टोपी फिरवली. "त्यांना उजेड कळतो?"

"महिने भरले की थोडा कळायला लागतो. आम्ही यंत्रावर तपासतो, तेव्हा खूण मिळते."

"म्हंजे माझ्याच पेशी पुण्यात बसून उजेड बघून राहिल्या, आन मी हितं बादल्या उडवतो." ते हसले. हसू लवकर संपलं.

तेवढ्यात काशीबाई उठल्या. त्यांनी फडकं सोडलं आणि चेपलेली भाकर भाऊंच्या हातावर ठेवली. भाऊंनी तिच्यावरून बोटं फिरवली. टायरच्या नक्षीच्या खाचा त्यांना बोटांनी लागल्या असणार. त्यांचा चेहरा उतरला. काशीबाईंनी त्यांचा दुसरा हात धरला, अंगठा आणि करंगळी ताणायला लावून वीत करवली.

"भाऊ, चाकापासून माझा पाय एवढाच लांब होता."

भाऊंनी हात खाली घेतला नाही, ती वीत तशीच हवेत राहिली. मग ते उठले, पाठ वळवली, सदरा वर केला आणि कमरेच्या करदोड्याची गाठ सोडायला लागले. सुवर्णानं कपाळावर हात मारला. अख्खं घर धुंडाळलं होतं बिचारीनं. पण सासऱ्याचा करदोडा कुठली सून तपासणार?

त्यांनी चावी माझ्या हातात ठेवली. कमरेला राहून गरम झालेली होती.

"ही पुण्याला न्या, मॅडम. घरात राहिली तर माझा हात जाईल."

मग फॉर्म मागितला. नाक कागदाला लागेल इतके वाकले, सहीची रेघ नेमकी शोधली आणि टायरच्या ठशावरच ठसठशीत सही केली. म्हणाले, टाकू नका त्यांना, आणि उपाशी ठेवू नका. मी म्हटलं, भाऊ, भाचीचं लग्न सोडलंय मी त्यांच्यासाठी. उरलेली बाग दुपारी सुवर्णानं पिठाच्या डब्यातली चावी काढून फवारली. भाऊ ओट्यावरून आवाज ऐकत बसले आणि दर ओळीला तिच्या चुका सांगत होते. एकही चूक नव्हती असं सुवर्णाचं म्हणणं.

तिसरा दिवस आणि पुढं

परतीच्या वाटेवर वायनरीची ती पाटी पुन्हा आली. फॉर्म झाला होता. तिथं काय झालं ते या वर्णनात येत नाही.

पुण्यात सरांनी फॉर्म बघितला आणि चष्मा काढून विचारलं, हे काय? मी म्हटलं, टायर. या वेळी दोन वर्षांपूर्वीचा फोनही सांगितला. सर खूप बोलले, आणि त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. शेवटी मी त्यांना काशीबाईंचं थिनिंग ऐकवलं. पुढच्या आठवड्यात पोरांना शिकवताना त्यांनी तेच वापरलं, काशीबाईंचं नाव न घेता. मी मागच्या बाकावरून नाव सांगितलं. प्रयोग सुरू झाला आहे. निकालाचं आत्ता काही विचारू नका, माझ्या तोंडाला आता झाकण बसलंय.

चावी मी पेशींच्या खोलीबाहेर, अ‍ॅप्रनच्या हुकाशेजारी टांगली. येणारा-जाणारा विचारतो. मी प्रत्येकाला मिरवून सांगते की एका माणसाचा ट्रॅक्टर आम्ही इथं अडकवून ठेवलाय.

फेब्रुवारीत द्राक्षांची पेटी आली. वरच चिंधी बांधलेला एक घड: वीसएक मणी, प्रत्येक लिंबाएवढा म्हटलं तर खोटं होईल, पण बोराहून मोठा खराच. पेटी पेशींच्या खोलीच्या जवळपासही नेऊ दिली नाही, द्राक्षाच्या सालीवर बुरशीचं बी असतं आणि माझी ताटल्यांतली पोरं नाजूक. चिंधीचा घड मात्र शेजारणीला दिला. आता ती पुन्हा नीट बोलते.

सुवर्णाला फोन लावला. ती खुशीत होती. फवारणी आता तीच करते. भाऊ दर ओळीच्या तोंडाशी उभे राहून आधी मोठ्यानं हाक देतात, सगळ्या बायका बाहेर आल्या का एकेकीचं नाव घेऊन विचारतात, आणि भाऊंनी हो म्हटल्याशिवाय सुवर्णानं ट्रॅक्टर ओळीत घालायचा नाही, हा नवा कायदा. मी म्हटलं, बघ, चावी नेली ते बरं झालं.

पलीकडून हसू ऐकू आलं. आधी दाबलेलं, मग सुटलेलं. "ताई, तुम्हाला खरंच माहीत नाही का? या जुन्या ट्रॅक्टरांना सगळ्यांना एकच चावी लागते. शेजारच्यांची आणली तरी चालू होतो. नाहीतर साधा पाना घातला तरी होतो. गावात सगळ्यांना ठाऊक आहे."

"भाऊंना?"

"भाऊंनीच शिकवलंय मला ते."

मी भिंतीवरच्या हुकाकडं बघत बसले. तेवढ्यात भाऊंनी फोन घेतला. द्राक्षं गोड निघाली का, गोळे कसे आहेत, वेळेवर खातात ना, सगळं विचारून झालं. मग म्हणाले,

"मॅडम, ती चावी जपून ठेवलीय ना?"

"ठेवलीय, भाऊ."

"मग झालं. चावीच नाय म्हटल्यावर मी तरी काय करणार."